शेवटची चकती

ओव्हनमध्ये पाव नव्हता, गाडीचा गिअर होता, आणि सासूबाईंचा प्रश्न एवढाच होता की आत ठेवण्याआधी तो निदान धुतला तरी होता का.

"धुतलाय, आई. चांगला घासून धुतलाय," सून म्हणाली.

"कशाने?"

सुनेने खिडकीबाहेर बघितलं. गिअर रॉकेलने धुतला होता, आणि ते सांगायची ही वेळ नव्हती.

गिअर म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डब्यातला क्राऊन, ताटाएवढा दातेरी गोल. तो आपल्या बैठकीवर इतका घट्ट बसतो की थंड असताना हातोडीलाही दाद देत नाही. म्हणून त्याला गरम करायचं, फुगला की पटकन बसवायचा. उलट बेअरिंगची कडी आकसायला हवी, म्हणून ती पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी पडली होती. तापलं की फुगतं आणि गारठलं की आकसतं हे शाळेत सगळेच शिकतात, पण त्यापायी स्वतःचं स्वयंपाकघर द्यायची पाळी सगळ्यांवर येत नाही. सासूबाईंवर ती लग्न झाल्यापासून येत होती.

"व्हा बाजूला!" सासरे म्हणाले. कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घालून ते ओव्हनपुढे उभे होते. बाहेर त्यांना सगळे वस्ताद म्हणत. घरातही सासूबाई कधीकधी म्हणत, पण त्यात कौतुक कमी असायचं.

त्यांनी क्राऊन उचलला, मागच्या दाराने अंगणातल्या शेडमध्ये नेला आणि एका दमात बैठकीवर बसवला. टक् असा आवाज झाला. सुनेला तो ऐकू आला. वस्तादांनी तो बोटांनी ओळखला असावा, कारण कानांवर त्यांची भिस्त राहिली नव्हती. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि घरात तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

हा सगळा खटाटोप चढणीसाठी चालला होता. गावाबाहेरच्या टेकडीचा रस्ता वर्षातून एका रविवारी सकाळी बंद करतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. सून पोटापाण्यासाठी ॲम्ब्युलन्स चालवायची. तिथे भोंगा वाजवला की लोक वाट सोडतात. चढणीवर कोणी वाट सोडत नाही, म्हणूनच तिला ती आवडायची. गाडी घरचीच होती, मागच्या चाकांवर चालणारी, सासऱ्यांनी ऐन उमेदीत घेतलेली. इंजिन ठणठणीत होतं. पण माथ्याआधीची शेवटची वळणं आली की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायचं आणि आणखी काही द्यायला त्याच्याकडे उरायचं नाही, आणि तिसरा टाकला की त्याचा जीवच जायचा. दर वर्षी घोडं इथेच पेंड खायचं.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. कोणी म्हणे मोठा कार्बोरेटर घाल, कोणी म्हणे सीटा काढून टाक. तिच्या नवऱ्याने तर शर्यतच सोड असं सुचवलं होतं. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि गाडी लागण्याचा त्याला इतका त्रास होता की कुठल्याही प्रवासात त्याच्या मांडीवर पिशवी उघडीच असायची. मेकॅनिकच्या पोटी असं पोर कसं जन्मलं यावर गॅरेजमध्ये पुष्कळ विनोद होऊन गेले होते.

हे सगळं एका रात्री जेवताना निघालं तेव्हा वस्ताद बघत होते, म्हणजे ओठ वाचत होते. मग म्हणाले, "इंजिनाला हात लावू नका. मागचा डबा बदला. छोट्या टेम्पोची क्राऊन-पिनियनची जोडी याच डब्यात बसते. टेम्पो माल ओढतो, त्याचे दात वेगळे असतात. इंजिन जास्त फिरेल, चाक कमी फिरेल. तिसरा गिअर चढणीवर जीव धरेल."

"आणि सपाट रस्त्यावर?" मास्तरांनी, म्हणजे नवऱ्याने, ओरडून विचारलं.

"सपाटीवर सायकलवालाही मागे टाकेल तिला. पण चढणीवर सपाटी कुठे असते रे?"

सुनेला ते तिथल्या तिथे पटलं. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, हा डबा तुम्ही बसवून द्याल?"

गॅरेज वस्तादांचं आणि त्यांच्या भागीदाराचं होतं. भागीदार उंचीने ताडमाड, म्हणून लंबू. दोघांची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. तिने विचारलं तसा लंबू खोकला, बूट पुसायला खाली वाकला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "मी बसवून देतो ना. वस्तादांना कशाला त्रास?"

यामागे काय होतं ते सुनेला ठाऊक होतं. गेल्या वर्षी वस्तादांनी बसवलेले डबे परत आले होते, एक सोडून तीन. तिन्ही रडत होते. गॅरेजवाल्यांच्या भाषेत डबा रडतो म्हणजे दात नीट जुळलेले नसतात आणि गाडी चालताना मागून एक लांबलचक रडका सूर निघत राहतो. आज तो नुसता कानाला छळतो, पण जोर पडत राहिला की दात झिजतात, तापतात आणि एक दिवस तुटतात. लंबूने ते डबे गुपचूप पुन्हा खोलून लावले. त्यानंतर वस्तादांकडे कोणी डबा आणला नाही. ब्रेक आले, क्लच आले, तेलपाणी आलं. त्यांच्याशी कोणी काही बोललं नाही, पण न कळायला ते काही दूधखुळे नव्हते.

त्या दिवशी मात्र वस्तादांनी वाकून लंबूचे ओठ नीट वाचले. हातातला पाना त्यांनी टेबलावर आपटला.

"हा डबा मी बसवणार! आणि चढणीवर तो रडला ना, तर माझी हत्यारांची पेटी तुझी. उभ्या जन्मात पुन्हा पाना धरणार नाही. सगळ्यांनी ऐकलंत ना?"

सगळ्यांनी ऐकलं. कसे न ऐकतील, बहिरा माणूस बोलतो तो गल्लीला ऐकू जाईल असंच बोलतो.  सुनेला चांगला डबा हवा होता. तिने भलतंच काही पणाला लावलं होतं, आणि तेही सासऱ्यांचं.

डबा मांडण्याचं काम बघत राहावं असं असतं. क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं दातेरी पिनियन ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून काढलेली असते, दोघांवर एकच आकडा कोरलेला असतो, आणि त्यांची ताटातूट केली तर दोन्ही भंगारात जातात. ती जोडी डब्यात किती खोल बसवायची हे ठरतं चकत्यांनी. चकती म्हणजे पोलादाची पातळ कडी, पिनियनच्या मागे घालायची. केसभर जाड झाली तर दात एकमेकांत रुततात, केसभर पातळ झाली तर नुसते टोकांवर भेटतात. वस्तादांकडे अशा चकत्यांची एक डबी होती, कधीकाळी गोळ्यांची असलेली.

सून ड्यूटी संपवून शेडमध्ये यायची आणि दिव्याखाली त्यांच्या शेजारी बसायची. वस्तादांनी डायल गेज लावलं, दातांमधली मोकळीक मोजली, मान डोलावली. मग बोटाने पिवळी पेस्ट दातांना फासली आणि जोडी हाताने फिरवली. पेस्टवर जिथे दात दातावर टेकला तिथे चकचकीत डाग उमटला. डाग दाताच्या बरोबर मधोमध होता, टोकाला सरकलेला नाही, मुळाशी गेलेला नाही. सुनेने पुष्कळ डाग पाहिले होते, असा एकही नव्हता.

"वा, बाबा!" ती त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली.

"अजून झालं नाही," ते म्हणाले. "शेवटची चकती कानाने."

हा वस्तादांचा नियम अख्ख्या बाजाराला पाठ होता. माप कोणीही घेतं, पेस्ट कोणीही फासतं, पण वस्ताद शेवटी डब्यावर कान टेकवायचे, पिनियन हळूहळू फिरवायचे, आणि गेजलाही न सापडलेली बारीकशी घासट त्यांना ऐकू यायची. मग ते एक चकती बदलायचे आणि डबा बंद करायचे. त्यानंतर पुन्हा पेस्ट लावून बघणं नाही. कानाने निवाडा दिल्यावर पेस्टला विचारणं म्हणजे कानाचा अपमान, असं ते म्हणत. याच चकतीपायी दूरदूरचे ट्रकवाले रांग लावायचे.

त्यांनी डोळे मिटले, कान टेकवला, पिनियन फिरवलं. मान किंचित हलली. पिनियन उतरवलं, मागची चकती काढली, डबीतून एक पातळ निवडून घातली आणि डबा बंद केला. सून बघत होती. तिच्या मनात काहीतरी टोचून गेलं, पण नियम तो नियम, आणि वस्तादांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी असं समाधान दिसत होतं की तिची जीभ उचलली नाही.

गाडी शुक्रवारी रस्त्यावर आली. नवी जोडी आधी सबुरीने चालवायची असते, म्हणून सून गल्लीतून हळू निघाली. पहिल्याच चौकात तिला हसू फुटलं. गाडी तीच, इंजिन तेच, पण पाय नुसता ठेवला की पुढे झेप घेत होती. वेगाचा काटा तर साफ खोटं बोलायला लागला होता. तो गिअरबॉक्सवर चालायचा, त्याला मागच्या डब्यातली अदलाबदल काय माहीत! शेजारून एक हातगाडीवाला तिला मागे टाकून गेला तेव्हा काटा भलताच वर होता.

मग ती हमरस्त्याला लागली, तिसऱ्यात एकसारखा पाय ठेवला, आणि मागून सूर आला.

आधी तिला वाटलं आपली काच उघडी आहे. तिने काच लावली. सूर तसाच. पाय उचलला, सूर खाली आला. पाय दाबला, पुन्हा चढला. दुरून कोणीतरी हुंदका न देता नुसतं रडत राहावं तसा. डबा रडत होता.

घरी आली तर वस्ताद फाटकात उभे. "कशी आहे?"

"ओढते मस्त," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि अर्धं होतं. वस्ताद इतके खूश झाले की त्यांनी बॉनेटवर थाप मारली. सुनेला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ती लंबूकडे गेली. तो गॅरेजच्या दारातच उभा होता आणि तिने काही विचारायच्या आत म्हणाला, "ऐकलं मी. गॅरेजवरून गेलीस तेव्हाच ऐकलं."

"मग?"

"मग काय? उद्या ते दुपारी झोपले की गाडी आणून सोड. मी खोलतो, नीट लावतो, परत नेऊन उभी कर. त्यांना कळायचं नाही. मागे तीन वेळा कळलं नाही."

ही वाट सोपी होती. डबा नीट होणार, वस्तादांचा मान राहणार, पेटी त्यांच्याकडेच राहणार. सून गॅरेजच्या पायरीवर बसली आणि तिने खरंच विचार केला. ॲम्ब्युलन्समध्ये तिने पुष्कळदा पाहिलं होतं, नातेवाईक आजाऱ्याच्या उशाशी बसून गोड गोड बोलतात आणि तो बिचारा एकेकाचं तोंड न्याहाळत राहतो. त्याला सगळं कळतं, फक्त बोलायला कोणी सापडत नाही. लंबू वाईट नव्हता. त्याने दोस्ताला झाकता झाकता त्याच्याशी खरं बोलणंच सोडून दिलं होतं.

"नको, काका," ती उठून म्हणाली. "डबा त्यांच्या हातानेच नीट होणार."

"अगं, त्यांना सांगणार कोण?"

"मी सांगणार."

ठरवणं सोपं, सांगणं अवघड. एक तर नाजूक गोष्ट हळू आवाजात सांगायची असते, आणि इथे माणूस असा की त्याला ओरडून सांगावं लागायचं. सुनेने रात्रीच्या जेवणाची पानं उचलून झाल्यावर त्यांच्या समोर खुर्ची ओढली आणि घसा मोकळा केला.

"बाबा, डबा रडतोय!"

शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. सासूबाईंचा हात नळावरच थांबला.

"काय म्हणालीस?"

"रडतोय! तिसऱ्यात! भार पडला की!"

वस्तादांनी ओठ नीट वाचले होते. दुसऱ्यांदा विचारलं ते केवळ वेळ काढायला. "लंबूने भरवलं तुला," ते म्हणाले. "त्याला माझा डबा नकोच होता. तुमच्या सगळ्यांच्या कानात त्याने..." मग कानाचा उल्लेख झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते उठून आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कशाला गं?" मास्तर म्हणाले. "वय झालंय त्यांचं."

"वय झालंय म्हणून खोटं सांगायचं? परवा त्या डब्यावर मी चढण चढणार आहे. वळणात दात तुटला तर?"  सासूबाई हात पुसत इकडे आल्या, सुनेच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं केलंस. मला तीस वर्षांत कधी असं ओरडता आलं नाही."

सकाळी सून उठली तेव्हा वस्ताद शेडमध्ये होते. गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांच्या टेकूंवर चढवलेला, चाकं अधांतरी. ते न बघताच म्हणाले, "रडतोय म्हणतेस. मला दाखव. मला ऐकू येत नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि उच्चारून झाल्यावर त्यांनी उगाचच एक नट घट्ट केला.

सुनेने रात्रभर तळमळून एक युक्ती काढली होती. मेकॅनिक लोक लांब पेचकस मशिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावतात, ते वस्तादांनीही जन्मभर केलं होतं आणि आता सोडून दिलं होतं. पण इस्पितळात कानाच्या डॉक्टरीणबाई वेगळंच करताना तिने पाहिलं होतं. त्या एक वाजणारा चिमटा पेशंटच्या कानात नाही, कानामागच्या हाडावर टेकवायच्या, आणि ठार बहिरे म्हणून आलेले काही लोक दचकायचे. बाईंनी एकदा सांगितलं होतं, कधीकधी दार अडकलेलं असतं, घर आतून शाबूत असतं.

तिने सर्वांत लांब पेचकस घेतला आणि वस्तादांच्या कानामागे बोट ठेवलं. "इथे लावा, बाबा. हाडावर."

वस्ताद फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले. सून स्टिअरिंगवर बसली. चाकांवर भार यायला हवा म्हणून हँडब्रेक थोडा थोडा ओढायला मास्तर शेजारी बसले. खालून हातोडीचा एक ठोका आला की थांबायचं, असं ठरलं. तिने गाडी तिसऱ्यात घातली. काटा वर वर चढायला लागला. मास्तरांनी एकदा काट्याकडे आणि एकदा खिडकीतून जागच्या जागी उभ्या असलेल्या भिंतीकडे बघितलं आणि पिशवी उघडली. उभ्या गाडीत मळमळणारा असा दुसरा माणूस शोधून सापडला नसता.

"ओढ ब्रेक," ती म्हणाली. त्याने ओढला. मागून तोच सूर चढला.

ठोका येईना.  हाडही गेलं असेल तर? ती इंजिन बंद करून खाली उतरली, गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकली. वस्ताद पेचकस कानामागे धरून तसेच पडले होते. डोळे मिटलेले. त्यांच्या पांढऱ्या कल्ल्यातून पाणी ओघळून कानात चाललं होतं.

"का बंद केलीस?" ते म्हणाले. "चालू कर. किती दिवसांनी ऐकतोय." मग म्हणाले, "रडतोय गं. चांगलाच रडतोय."

ते बाहेर आले, तोंड पुसलं आणि सरळ हत्यारांची पेटी आवरायला घेतली. सुनेने झाकणावर हात ठेवला. "शब्द चढणीचा होता, बाबा. चढण उद्या आहे." मग ती त्यांच्या समोर बसली, कारण मनात टोचलेलं आता विचारल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं. "पेस्टचा डाग मधोमध होता. मी पाहिला. मग शेवटची चकती तुम्ही कशावरून बदललीत?"

 कडक माणसाला कबूल करताना बघणं फार जिवावर येतं. सुनेने नजर हलवली नाही.

"बहुतेक वेळा एक पातळ लागायची," ते शेवटी म्हणाले. "म्हणून पातळ घातली. कान टेकवून मी काहीच ऐकत नव्हतो. पण टेकवला नसता, चकती बदलली नसती, तर लंबूने विचारलं असतं ना, आज का नाही म्हणून."

"आणि ते तीन डबे?"

"तेही तसेच." ते स्वतःशीच हिशेब करत होते. "म्हणजे माझं माप बरोबर होतं. चारही वेळा बरोबर होतं. मीच नंतर मोडत होतो!"

हे म्हणताना त्यांच्या आवाजात आधी संताप होता आणि मग चक्क आनंद आला. माणसाला आपली चूक सापडली की अर्ध्या वेळा असंच होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. "उचल जॅक. बघतेस काय?"

दिवसभर शेडमध्ये कोणाला फिरकू दिलं नाही. चाकं उतरली, एक्सल बाहेर आले, तेल काढलं, डबा पुन्हा टेबलावर आला. सासूबाईंनी न विचारता ओव्हन तापवला. जाड चकती परत गेली. गेज लागलं. पेस्ट फासली. डाग पुन्हा तसाच, दाताच्या मधोमध, चकचकीत.

मग वस्तादांनी पेचकस घेतला, डब्याला टेकवला, कानामागच्या हाडावर धरला आणि पिनियन फिरवलं. हळूहळू, पूर्ण फेरा. पुन्हा एक फेरा. त्यांचा डावा हात सवयीने चकत्यांच्या डबीकडे गेला आणि डबीवरच राहिला.  जन्मभर ज्या हाताने शेवटचं काम केलं त्या हाताला आता काहीच न करण्याचं काम होतं, आणि ते बाकीच्या सगळ्या कामांपेक्षा अवघड असावं, कारण वस्तादांच्या कपाळावर घाम आला.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. डबी सुनेच्या हातात दिली. "घे. आणि मी मागितली तरी देऊ नकोस."

संध्याकाळी तिने गाडी सबुरीने फिरवून आणली. फाटकात वस्ताद होते, पण त्यांनी हात वर केला. "सांगू नकोस. माथ्यावर भार पडेल तेव्हा खरं काय ते कळेल. उद्या सांग."

रविवारी टेकडीच्या शेवटच्या वळणावर लंबू आणि वस्ताद शेजारी शेजारी उभे होते. दोघांच्या मध्ये जमिनीवर हत्यारांची पेटी. वस्तादांनी ती स्वतः उचलून आणली होती, कोणाला हात लावू दिला नव्हता. दिलेला शब्द खिशात ठेवून फिरणाऱ्यांतले ते नव्हते. लंबूने पेटीकडे पाठ केली होती.

खाली झेंडा पडला आणि सून सुटली. पहिल्या सरळ पट्ट्यावर गाडी लवकरच दमली, तिथे वेळ गेला, तो जाणारच होता. मग वळणं सुरू झाली. मधल्या वळणात मागचं चाक खडीवर सरकलं, तिने सावरलं, शिवी हासडली आणि पाय उचलला नाही. शेवटची चढण समोर उभी राहिली. दर वर्षी इथे हात गिअरवर गोंधळायचा. या वेळी तिने तिसरा टाकला आणि पाय तळाला नेला. इंजिनाने दम सोडला नाही. सगळा भार मागच्या त्या डब्यावर आला होता, ज्याचे दात कालपर्यंत रडत होते. तिने कान मागे लावले. इंजिनाची गर्जना होती, टायरचं घासणं होतं, पत्र्याचा खडखडाट होता. वळणावर एक उंच आणि एक बुटका माणूस झर्रकन मागे गेले, आणि माथा आला.

पहिला नंबर आला नाही. ज्या गाड्यांचे मालक वर्षभर तिला सल्ले देत होते त्यांतल्या बऱ्याच मागे पडल्या, आणि तेवढ्यावर ती बेहद्द खूश होती. पण ते नंतरचं. गाड्यांना खाली सोडलं तशी ती शेवटच्या वळणाशी थांबली, हेल्मेट काढलं आणि उतरली.

वस्तादांनी लंबूला काहीच विचारलं नव्हतं. ते तिच्या ओठांकडे बघत होते. पेटीवर पाय ठेवून उभा राहिलेला हा म्हातारा तिला एकदम इस्पितळाच्या दारातल्या माणसांसारखा दिसला, जे तिची गाडी थांबताच तिचं तोंड बघायला लागतात.

"ऐकू आलं काही?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा!" ती पूर्ण आवाजात ओरडली. तिचा आवाज टेकडीवरून फिरून परत आला.

वस्ताद लंबूकडे वळले. लंबूच्या ओठांना कंप सुटला होता, ते वाचणं सोपं नव्हतं, म्हणून त्याने मान हलवून सांगितलं. नाही. काही म्हणजे काहीच नाही. मग त्याला बोलता आलं. "उद्या एक ट्रकचा डबा येतोय, वस्ताद. तुम्हीच खोला. मी बघत बसेन."

वस्तादांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग वाकून पेटी उचलली, चालत गाडीपर्यंत नेली, आणि मागच्या सीटवर ठेवून दार लावलं.

"मलाही नाही," ते म्हणाले.